घारापुरीच्या पायऱ्या व आमची भूतदया

चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मनुष्याने लेणी पाहण्याचा हट्ट का धरावा, असा प्रश्न हल्ली कोणी उघडपणे विचारीत नाही. तसे विचारणे असभ्यपणाचे ठरते, एवढी सुधारणा आपल्यात निःसंशय झाली आहे. परंतु तोच प्रश्न निराळ्या व फार गोड शब्दांत आमच्या कानांवर वारंवार पडतो. ‘त्यांना कशाला उगीच त्रास?’ ‘दगदग सोसवायची नाही हो त्यांना.’ ‘आम्ही फोटो काढून आणू, घरबसल्या दाखवू.’ आणि बोलणारा फारच उदार अंतःकरणाचा असला तर, ‘चौघे मिळून उचलून नेऊ, त्यात काय मोठेसे!’ ह्या चारही वाक्यांत द्वेषाचा लवलेश नाही; उलट जिकडेतिकडे दयाच भरून राहिली आहे. ह्या दयेविरुद्धच आम्हांस आज लिहावयाचे आहे. आपल्या प्रेक्षणीय स्थळांची दारे अपंगांस जी बंद राहिली, ती दगडाच्या कठीणपणामुळे जितकी राहिली नसतील तितकी ह्या दयेच्या मऊपणामुळे राहिली आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विषय मोघम राहू नये म्हणून एकच स्थळ घेऊ. घारापुरीची लेणी मुंबईच्या मनुष्यास नवी नाहीत. १९८७ साली त्यांचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून परदेशी पाहुण्यास ‘आमचे वैभव’ म्हणून दाखविण्याच्या स्थळांत ती अग्रभागी असतात. आता हे वैभव चाकांच्या खुर्चीतून पाहण्यास निघालेल्या मनुष्याची वाट कशी आहे ती पाहा. गेटवे ऑफ इंडियापाशी लाँच पकडावयाची तर दगडी पायऱ्यांनी पाण्याच्या कडेपर्यंत उतरले पाहिजे. त्या पायऱ्या ओल्या व शेवाळलेल्या. भरती-ओहोटीप्रमाणे लाँच कधी पायरीच्या वर, कधी खाली, आणि सदोदित हलती. पुष्कळदा दोन-तीन लाँच एकीला एक लागून उभ्या असतात, व पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे उतारूंस जावे लागते. धडधाकट मनुष्यही येथे खलाशाचा हात धरतो. तासाभराने बेट येते. तेथे लांब धक्का आहे, त्यावर पोरांच्या आवडीची छोटी आगगाडी आहे. ती संपली की सुमारे १२० पायऱ्यांची चढण लागते. दोहों बाजूंस माळा, दगडी हत्ती व काकड्या विकणारांची दुकाने, आणि हातातली पिशवी हिसकावण्यास टपलेली माकडे. ह्या चढणीच्या शेवटी लेणी!

गंमत अशी की, एकदा वर पोहोचून दाराशी असलेल्या थोड्या पायऱ्यांचा बंदोबस्त झाला म्हणजे मुख्य लेण्याची जमीन बरीचशी सपाट आहे. खांबांच्या ओळींतून चाके सहज फिरतील. आणि समोरच्या भिंतीतले ते तीन मुखांचे, तीन पुरुष उंचीचे सदाशिवाचे शिल्प मान वर करूनच पाहावयाचे असल्यामुळे, खुर्चीत बसून पाहणारास ते उभ्याने पाहणाराहून अधिकच भव्य वाटावयाचे. म्हणजे ज्याने हे लेणे कोरले त्याने खुर्चीतल्या मनुष्याची वाट अडविलेली नाही. ती अडविली आहे ती लेण्यापर्यंत नेण्याचे काम ज्यांनी पतकरले त्यांनी.

‘पण बेट ते बेट, डोंगर तो डोंगर, तेथे काय करणार?’ असे म्हणणारांस आम्ही त्या बेटाचाच इतिहास सांगतो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ह्या बेटास एलिफंटा हे नाव दिले, तो अजस्र हत्ती १८६४ साली विलायतेस नेण्याच्या हेतूने उचलावयास घेतला गेला. त्या खटपटीत तो पडून फुटला. मग त्याचे तुकडे समुद्रातून मुंबईस आणले, आणि पुढे १९१४ साली ते जोडून भायखळ्याच्या बागेत हत्ती पुनः उभा केला. तो आजही तेथे आहे. ज्यास इच्छा असेल त्याने जाऊन पाहावा. आगबोटींच्या त्या काळी दगडाचा हत्ती बेटावरून खाली आणता आला. आज हाडामांसाची एक वृद्ध बाई खालून वर नेता येत नाही! बरे, बेटास आधुनिक सोयींचा स्पर्शच झालेला नाही म्हणावे, तर २०१८ साली समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून तेथे वीज नेली आहे. धक्क्याचे म्हणाल, तर मुंबईच्याच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणाऱ्या मोठ्या बोटीत २०२० पासून मोटारगाड्या स्वतःच्या चाकांवर चढतात व उतरतात. चार चाकांच्या मोटारीस जे साधते ते चार चाकांच्या खुर्चीस साधू नये, ह्यात समुद्राचा काय अपराध आहे?

आता डोलीविषयी. घारापुरीस, अजिंठ्यास व इतरही काही स्थळी खुर्चीला दांडे बांधून मनुष्यास खांद्यावर वाहून नेण्याची सोय आहे, आणि अपंगांची सोय काय, असे विचारताच तिच्याकडे बोट दाखविले जाते. डोलीत बसून जाण्यात ज्यास आनंद वाटतो त्याने खुशाल जावे. नवरदेवासारखी मिरवणूक काहींस आवडतही असेल. परंतु चाकांच्या खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या मनुष्याची गोष्ट निराळी आहे. ती खुर्ची म्हणजे त्याचे पाय आहेत. डोलीत बसविताना ते पाय खालीच ठेवून द्यावे लागतात. आणि बॅटरीवर चालणारी खुर्ची तर पुष्कळदा मनुष्याहूनही जड, ती दुसऱ्या डोलीत घालून नेणारा हमाल मिळणे कठीण. वर गेल्यावर डोलीवाले त्यास जेथे टेकवितील तेथे त्याने टेकावे, ज्या मूर्तीसमोर ठेवतील ती पाहावी, आणि मागच्या बाजूची मूर्ती पाहण्याची इच्छा झाल्यास हाक मारावी. शिल्प पाहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. दोन पावले मागे जावे, पुनः पुढे यावे, उजेड कोठून येतो ते पाहावे, मध्येच एखाद्या खांबाशी उगाच रेंगाळावे, ह्याला आपण पाहणे म्हणतो. डोलीतल्या मनुष्यास ह्यांपैकी एकही गोष्ट करता येत नाही. तो लेणी पाहत नाही. त्यास लेणी दाखवून आणली जातात.

शिवाय अनोळखी चौघांनी अंगाखाली हात घालून उचलणे ही गोष्ट, विशेषतः स्त्रियांस, किती संकोचाची आहे, हे ‘उचलून नेऊ, त्यात काय!’ असे म्हणणाऱ्या उदार पुरुषांच्या ध्यानात येत नाही. त्यांनी हा प्रयोग एकवार स्वतःवर, भर गर्दीत, करून घ्यावा अशी आमची त्यांस विनंती आहे.

डोली गेली तर डोलीवाल्यांच्या पोटाचे काय, हा आक्षेप मात्र आम्ही हलक्याने घेत नाही. तो खरा आहे. त्यास उत्तर माथेरानच्या प्रकरणात सापडते. तेथे मोटारींस बंदी असल्यामुळे मनुष्यांनी ओढावयाच्या हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाल मनुष्यत्वास न शोभणारी ठरवून सहा महिन्यांत ती बंद करावी, आणि ओढणारांस विजेच्या रिक्षा देऊन त्यांच्या निर्वाहाची तजवीज करावी, असा आदेश दिला. ओढणाराची मान खाली जाऊ नये हे न्यायालयास दिसले. आमचे म्हणणे इतकेच की, वाहून नेल्या जाणाराचीही मान असते, आणि विजेच्या गाडीने दोघांच्याही माना एकदमच वर होतात.

दयेचा आणखी एक नमुना सांगण्याजोगा आहे. आमच्या परिचयाच्या एक बाई आहेत. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांचे चालणे गेले. तीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकविला, व आता निवृत्त झाल्या आहेत. शिल्पे, नाणी, ताम्रपट ह्यांवर त्या बोलू लागल्या म्हणजे चांगली जाणती माणसे वही काढतात. त्यांच्यासह आम्ही एका जुन्या राजवाड्यातील संग्रहालयात गेलो होतो. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण हा प्रसंग कोणत्याही राजवाड्यात घडू शकला असता. पाहण्यासारखे जे काही होते ते सारे वरच्या मजल्यावर, आणि वर जाण्यास जिना. तिकिटे मागताच खिडकीतील गृहस्थांनी बाईंकडे पाहिले व अत्यंत सौजन्याने सांगितले, ‘ह्यांचे तिकीट नको. ह्या कुठे वर जाणार!’ आम्ही निरुत्तर झालो. बाई झाल्या नाहीत. त्यांनी पैसे पुढे करून तिकीट मागितले, आणि ते हातात घेऊन त्या दोन तास अंगणातल्या तोफेजवळ बसून राहिल्या. आम्ही खाली आलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘फुकट परत पाठविले असते तर तक्रारीला तोंड राहिले नसते. आता मी न पाहिलेल्या वस्तूंचे पैसे दिले आहेत.’ त्या गृहस्थांस आपण काही वावगे केले असे आजही वाटत नसेल. त्यांनी तर पैसे वाचविले होते!

आमचे वाचक मनात म्हणतील की, असली माणसे किती असणार. सरकारी आकडाच देतो. २०११ च्या शिरगणतीत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग नोंदले गेले, त्यांपैकी चलनवलनाचे अपंगत्व असलेले सुमारे ५४ लक्ष. एकट्या महाराष्ट्रात सर्व प्रकारचे मिळून २९ लक्षांवर. परंतु हा आकडा बाजूस ठेवू. दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण सहकुटुंब सहलीस निघतात. प्रत्येक चढणीच्या पायथ्याशी एखाद्या चहाच्या दुकानाच्या बाकावर कोणी ना कोणी वडीलधारे माणूस बसलेले असते, हे आपण पाहिले नाही काय? भोवती पिशव्या, पोरांचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या. गुडघे गेलेले असतात. ‘तुम्ही जाऊन या, मी आहे सामानाशी,’ असे त्या माउलीनेच म्हटलेले असते, आणि आपणही तिच्या समजूतदारपणाचे कौतुक करून वर चढलेले असतो. तिचे नाव कोणत्याही शिरगणतीत अपंग म्हणून पडलेले नाही. ‘किती असणार’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्या बाकावर बसलेले आहे. आणि जेथे जाताच येत नाही तेथे कोणी जात नाही, म्हणून तेथे वाट नको, हा युक्तिवाद नदीस पूल नाही म्हणून पलीकडे कोणी जात नाही, सबब पूल नको, अशा थाटाचा आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा, म्हणून भारदस्त. प्राचीन वास्तूचे रूप बिघडते म्हणतात. १९५८ चा स्मारकसंरक्षणाचा कायदा कडक आहे आणि तो तसा असावाच. मूळ दगडास छिन्नी लागू नये ह्याविषयी आमच्याइतका आग्रह दुसऱ्या कोणाचा नसेल. परंतु ज्या स्मारकांत लोखंडी कठडे, विजेचे दिवे, सूचनांचे फलक, तिकिटांची फिरती दारे व उद्‌घाटनाच्या संगमरवरी शिला सुखाने नांदतात, तेथे सौंदर्यास बाध काय तो लाकडी उतारानेच यावा, हे गौडबंगाल आम्हांस उकलत नाही. खिळा न ठोकता पायऱ्यांवर बसविलेला व हवा तेव्हा उचलता येणारा लाकडी उतार मूळ दगडास ओरखडाही काढीत नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसहून पूज्य अवशेष युरोपात कोणते? तेथे २००४ साली अपंगांच्या ऑलिंपिकच्या निमित्ताने कड्याला पाळणा लावला, आणि तो जुना झाल्यावर २०२० च्या डिसेंबरात नवा बसविला. त्याच सुमारास माथ्यावर घातलेल्या काँक्रीटच्या वाटांवरून तेथील विद्वानांत कडाक्याचे भांडण जुंपले, व ते योग्यच होते. वाट कशी असावी ह्यावर वाद अवश्य व्हावा. वाटच असू नये ह्यावर मात्र तेथे वाद झाला नाही.

पण अथेन्सपर्यंत जाण्याचे कारणच काय? २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग हे थोर शास्त्रज्ञ टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरविलेल्या परिषदेसाठी मुंबईस आले व पुढे दिल्लीस गेले. त्यांचे सारे शरीर लुळे, फिरणे विजेच्या खुर्चीतून. तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतर अशा दिल्लीच्या स्मारकांत त्यांच्याकरिता लाकडी उतार घालण्यात आले. पाहुण्याचा आदर झाला हे उत्तमच झाले. परंतु ते उतार तात्पुरते होते! त्या उतारांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली: स्मारकाचे रूप न बिघडता वाट करता येते, आणि मनात आले म्हणजे झटपट करता येते. मग इतकी वर्षे अडले ते कोठे? विश्वाच्या उत्पत्तीचा छडा लावणाऱ्यासच कुतुबमिनार पाहण्याचा अधिकार आहे, असे कोणत्या स्मृतीत लिहिले आहे? घरच्या मनुष्यास जे हक्क म्हणून मिळत नाही ते पाहुण्यास मान म्हणून द्यावयाचे, ही आपली जुनी खोड आहे.

कायद्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ह्या बाबतीत कायद्याची उणीव मुळीच नाही. १९९५ साली एक कायदा झाला, २०१६ साली त्याहून व्यापक असा दुसरा झाला. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांस सुगम करण्याचे बंधन त्याने घातले. त्याखालचे नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्यास दुसरी कोणतीच पायरी चढू दिली जात नाही त्याने काय करावे? राजीव रतुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल दिला की, सुगमतेचे नियम हे केवळ सल्ल्याच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि सरकारने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. एकोणीस वर्षे एका अर्जास! मध्यंतरी एक काम तत्परतेने उरकले गेले, ते नामकरणाचे. २०१५ च्या अखेरीस अपंगांस ‘दिव्यांग’ म्हणावे अशी सूचना झाली, आणि पाट्या रंगविणारांस काम मिळाले. दिव्य अंगाच्या मनुष्यास पायरीची अडचण ती काय, असे बांधकाम खात्यास वाटले असल्यास नकळे. देवाच्या कृपेने पांगळाही पर्वत ओलांडतो, अशा अर्थाचा श्लोक आपल्याकडे लहानपणीच पाठ करवितात; आमच्या खात्यांनी त्यातील काम सर्वस्वी देवाकडेच सोपविलेले दिसते.

जेथे काही केले जाते तेथेही ते दाखल्यापुरते केले जाते. उतार असतो, पण इतका उभा की त्यावरून खुर्ची ढकलणारा मागे कोसळावा. उतार तिकिटाच्या खिडकीपाशी संपतो, आणि आत तीन पायऱ्या. उतार ठीक असतो, पण त्याच्या तोंडाशी फुलझाडांच्या कुंड्या. शौचकूपाच्या दारावर खुर्चीचे चित्र असते, दारास कुलूप असते, आणि किल्ली ज्याच्याजवळ तो जेवावयास गेलेला असतो. ह्या शेवटच्या गोष्टीस सभ्य लेखात स्थान नाही असे कोणास वाटेल. परंतु वर सांगितलेल्या बाई सहलीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतात, हे कळल्यावर आम्हांस तरी ती गोष्ट लेण्यांच्या कालनिर्णयाहून अधिक महत्त्वाची वाटू लागली.

आमच्या मागणीचा विपर्यास होऊ नये म्हणून लिहितो की, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उतार बांधा असे आम्ही म्हणत नाही. जेथे जाणे हाच पराक्रम आहे अशी स्थळे राहोत. पण रायगडासारख्या दुर्गम गडावर १९९६ पासून रोपवेचा पाळणा चढतो आहे, आणि त्यातून जाणाऱ्या सहस्रावधी धडधाकट माणसांस महाराजांचा अपमान झाला असे वाटलेले नाही. जेथे तिकीट लावून, लाँच सोडून, दुकाने मांडून लोकांस मुद्दाम बोलाविले जाते, त्या स्थळांविषयीच आमचे बोलणे आहे.

तेव्हा पुनः घारापुरीचाच हिशेब करू. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर उंच धरली तर १२० पायऱ्यांची चढण १८ मीटरांची होते. एकास बारा हे उताराचे मान्य प्रमाण घेतल्यास २१६ मीटर लांबीची वाट लागेल. मधल्या विसाव्याच्या सपाट जागा धरून अडीचशे मीटर म्हणा. एवढी चढण हातांनी चाके फिरवीत चढणे कष्टाचे आहे, हे खरे. म्हणून तिच्यावरून विजेची लहान गाडी चालावी, आणि ती चालविण्याचे काम आजच्या डोलीवाल्यांसच द्यावे. दोन्ही किनाऱ्यांस भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा. ही वाट लेण्याच्या दगडास न शिवता, दुकानांच्या मागच्या उतरणीवरून कोठून कशी वळवावी, की तिच्याऐवजी तिरपा पाळणाच बरा पडेल, हे ठरविण्यास एक अभियंता व एक पुरातत्त्वज्ञ एवढे दोघे जाऊन आले तरी पुरे. सोमवारी लेणी बंद असतात; मोजमापे घेण्यास त्या दिवशी गर्दीचाही अडथळा नाही. जाताना त्यांनी चाकांच्या खुर्चीतील एखाद्या मनुष्यास बरोबर न्यावे, म्हणजे धक्क्यावरील पहिले मोजमाप लाँच सुटण्यापूर्वीच मिळून जाईल.